अण्णांनी शोधलेली पट्टी

बंगळुरात मल्लेश्वरममधल्या पद्माकर काळसेकरांच्या घरी मुलांना गाण्याच्या तालमीला पाठवायचं असेल, तर एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. तिथे मागितल्याशिवाय खायला मिळत नाही. त्यांच्या पत्नी सुलभाअक्का चकलीचा डबा टेबलावर आणून ठेवतात, त्याला घट्ट झाकण लावतात आणि शेजारी वर्तमानपत्र उघडून बसतात. मुलं घुटमळतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात, डब्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. शेवटी एकेकाला पुढे होऊन, तोंड उघडून, मला द्या असं म्हणावंच लागतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हा माणूस मला कंजूष वाटला. मी पुण्याची, तरी मला वाटला, म्हणजे बघा.

तो कंजूषपणा नव्हता. ती त्यांची गाणं निवडायची रीत होती. आमच्या मराठी मंडळात दर नोव्हेंबरात मुलांचा कराओकेचा कार्यक्रम होतो आणि कोणत्या मुलानं कोणतं गाणं म्हणायचं ते काळसेकरच ठरवतात. त्यांचं म्हणणं असं की मुलाला गा म्हटलं की ते कुणाची तरी नक्कल करतं, पण भुकेलं पोर खायला मागताना नक्कल करत नाही. त्या वेळी जो सूर लागतो तो त्याचा घरचा सूर. मग ते त्याला गॅलरीत नेतात आणि खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या मित्राला हाक मारायला लावतात. गळ्याच्या शिरा न ताणता जिथवर हाक जाईल, ते वरचं टोक. या दोन्हींच्या मधे जे गाणं मावेल ते त्या मुलाचं. हे सगळं ते मान डोलावत ऐकतात आणि मधूनच पेटीची एखादी पट्टी दाबून काळी दोन, पांढरी चार असं काहीतरी पुटपुटतात. मुलांना आपली परीक्षा झाली हे कळतसुद्धा नाही.

काळसेकर मूळचे साताऱ्याचे. तरुणपणी इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत लाउडस्पीकर तपासत राहिले. स्पीकर खरखरला की लोक त्याला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याला न झेपणारा आवाज त्याच्यातून काढायचा प्रयत्न चाललेला असतो, असं ते सांगतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबद्दलही त्यांचं नेमकं हेच मत आहे. बंगळुरात इतकी वर्षं काढल्यामुळे सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. मी सुरुवातीला काका म्हणायचे, पण शेजारच्या कन्नड आजीसुद्धा अण्णा म्हणतात म्हटल्यावर मीही अण्णावर आले. अण्णा स्वतः मात्र कधीही गात नाहीत. ही देवाची आपल्यावर कृपा आहे, असं सुलभाअक्कांचं मत.

अण्णांचा खरा सामना असतो तो आम्हा आईबापांशी. आम्ही सगळे नोकरीसाठी इकडे आलेले, कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून, कोणी नागपूरहून. गाव सुटलं की माणसाला जुनी गाणी जास्तच आवडायला लागतात, आणि ती आवड आपण पोरांच्या गळ्यात अडकवतो. नागपूरहून आलेल्या एका गृहस्थांनी आपल्या हर्षसाठी प्रेमभंगाचं आणि दारूच्या पेल्याचं गाणं निवडलं होतं. हर्ष बारा वर्षांचा. अण्णांनी त्याला जवळ बसवून शांतपणे विचारलं, तुला कोण सोडून गेलंय का रे? हर्षनं बराच विचार केला आणि सांगितलं, गणिताच्या मॅडम. अण्णांनी त्याला सायकलवरून भटकणाऱ्या मुलाचं एक उडतं गाणं दिलं, आणि बाप महिनाभर घुश्शात होता.

अश्लेषाच्या आईची तऱ्हा वेगळी. तिला मुलीकडून एक अगदी उंच जाणारं गाणं म्हणवून घ्यायचं होतं आणि मुलीचा आवाज तर खालचा, जरा घोगरा. आई म्हणाली, त्यात काय, ॲपमध्ये पट्टी खाली करता येते. अण्णांनी वाद घातला नाही. ट्रॅक खाली, आणखी खाली, आणखी खाली उतरवून सगळ्यांना ऐकवला. तबला तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजायला लागला आणि सतार तर सर्दी झाल्यासारखी. मुलं हसून लोळली. पट्टीचं एखाद-दुसरं घर वर-खाली चालतं, त्याच्यापुढे गाणंच बदलायचं हा अण्णांचा नियम त्या दिवशी मला कळला. अश्लेषाला त्यांनी खालच्या सुरातलं एक अंगाईगीत दिलं आणि तिचा तो घोगरा आवाज त्यात इतका गोड लागला की पुन्हा म्हण असं तिची आईच म्हणाली.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, पण मी त्या घरी गेले होते ती हसायला नव्हते गेले. माझा मुलगा शार्दूल घरात बोलेनासा झाला होता.

आम्ही पुणं सोडून सर्जापूर रोडला राहायला आलो तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पुण्यात तो शाळेचा लाडका गायक. आवाज इतका बारीक आणि स्वच्छ की पाहुणे आले की आधी गाणं, मग चहा. त्याला बक्षिसं मिळाली, कौतुक मिळालं, सगळं मिळालं. इथे आल्यावर वर्ष-दीड वर्षात आवाज फुटायला लागला. नव्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी त्याला पुढे उभं केलं, आणि मधेच त्याचा आवाज असा काही घसरला की सगळी रांग हसली. हसणाऱ्या मुलांचा मला तेव्हा फार राग आला, आजही येतो. त्या दिवसापासून गाणं बंद झालं. मग हळूहळू बोलणंही.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, वय आहे, होईल ठीक. पण हे फारच झालं. काही विचारलं की मान हलवायची नाहीतर खांदे उडवायचे. शेजारच्या खोलीतून मला मोबाईलवर मेसेज करायचा, की जेवण तयार आहे का. अगदीच बोलावं लागलं तर घसा आवळून, जुना बारीक आवाज ओढूनताणून काढल्यासारखं कुजबुजायचा. नवरा, जितेंद्र, शांत स्वभावाचा. तो म्हणायचा, मागे लागू नकोस. मी शांत स्वभावाची नाही. चांगल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी घसा उत्तम आहे असं सांगितलं. घसा उत्तम आणि घर मुकं. स्वयंपाकघरात उभी राहून मी कितीदा तरी रडले आहे, ते जितेंद्रलाही माहीत नाही.

मंडळातल्या कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. सर्जापूर रोडवरून शनिवारी मल्लेश्वरमला जाणं म्हणजे शहराच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, सिग्नल मोजत. पण गेलो. अण्णांनी शार्दूलला काही विचारलं नाही, गा तर मुळीच म्हटलं नाही. बाकीची मुलं चकल्या मागून घेत होती, हा कोपऱ्यात बसून होता. डब्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्या शनिवारी तेच. सगळ्यांना गाणी मिळाली आणि शार्दूलचं काही ठरेना. परतताना गाडीत मी चिडचिड करत होते, कुणावर ते मलाच कळत नव्हतं. अण्णा फक्त इतकंच म्हणाले होते, की मला त्याचा आवाज अजून ऐकू आलेला नाही, ऐकल्याशिवाय मी गाणं देणार नाही.

तो ऐकू आला चिकपेटला.

कार्यक्रमासाठी रंगमंचामागे लावायला पडद्याचं कापड हवं होतं. एका शनिवारी तालीम आटोपल्यावर अण्णा, सुलभाअक्का, मी आणि शार्दूल मेट्रोनं चिकपेटला गेलो. गल्ल्यांमधून अंग चोरत एका कापडाच्या दुकानाच्या पहिल्या मजल्यावर चढलो. माझ्या हिंदीचा आणि दुकानदाराच्या हिंदीचा काही मेळ बसत नव्हता. मी निळं म्हणायचे, तो चकचकीत साटीन काढून पुढ्यात पसरायचा. अण्णांना कन्नड उत्तम येतं, पण ते नुसते ऐकत बसले होते. इतक्यात ऑफिसचा फोन आला म्हणून मी जिन्यात जाऊन उभी राहिले.

फोन संपवून वर येत होते तेव्हा आतून कुणीतरी कन्नडमध्ये बोलताना ऐकू आलं. भारदस्त म्हणावा असा नाही, पण भरलेला, सावकाश, खालच्या सुरातला आवाज. "अण्णा, इदु बेडा. स्वल्प अगल जास्ती बेकु." इथे दुकानदारही अण्णाच. हे नको, पन्हा जरा जास्त हवा. मग त्यानं समजावून सांगितलं, की स्टेजवर लाइट पडल्यावर कापड चमकता कामा नये आणि मधे शिवण दिसता कामा नये. मला वाटलं दुकानातलाच कोणी माणूस असेल. मी दारात पोचले आणि पाहिलं, तर बोलत होता शार्दूल.

मी तिथेच दारात उभी राहिले. एक तर या मुलाला इतकं कन्नड येतं हेच मला ठाऊक नव्हतं. सोसायटीतल्या फुटबॉलच्या पोरांकडून आणि आमच्या बागेचं काम बघणाऱ्या शेषगिरींकडून तो शिकला, हे मागाहून कळलं. आणि दुसरं म्हणजे तो आवाज. माझ्याच मुलाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. दुकानदार "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत दुसरा तागा काढायला वळला. अण्णा गादीवर मांडी घालून डोळे मिटून बसले होते आणि त्यांची बोटं मांडीवर पेटीच्या पट्ट्या शोधत होती. मला पाहताच शार्दूल थांबला. पुढचं सगळं पुन्हा मानेनं.

परतीच्या मेट्रोत शार्दूल दाराशी उभा होता. अण्णांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"अंजली, त्याचा जुना आवाज मराठीत आहे," ते म्हणाले. "मराठी बोलायला तोंड उघडलं की तो तोच आवाज शोधायला जातो आणि तो आता तिथे नाही. कन्नड तो इथे येऊन शिकला, गळा बदलत असताना. त्या भाषेत त्याला कुणी बक्षीस दिलेलं नाही आणि कुणी हसलेलंही नाही. तिथे तो आपल्या नव्या आवाजात मजेत बोलतो."

मी विचारलं, मग आता काय करायचं? अण्णा म्हणाले, आता मला पट्टी कळली, बाकीचं माझ्यावर सोड. मी अर्थातच सोडलं नाही. घरी जाऊन मी त्यांना शार्दूलचं पुण्यातलं बक्षिसाचं गाणं सुचवलं, एकच घर खाली करून. त्यांनी साफ नकार दिला. त्या गाण्यात जुना शार्दूल ठाण मांडून बसलाय, त्याला उठवायची ताकद माझ्यात नाही, असं म्हणाले. मग मी आणखी बरीच गाणी पाठवली. प्रत्येकाचं उत्तर एका ओळीत यायचं. वर फार जातं. सूर फार वेळ धरावा लागतो. हे चाळिशीतल्या माणसाचं दुःख आहे. हे तुझं आवडतं आहे, त्याचं नाही. शेवटच्या उत्तरावर मी दोन दिवस फोन केला नाही.

त्यांनी निवडलेलं गाणं शार्दूलनं कधी ऐकलेलं नव्हतं. कामावरून पायी घरी निघालेल्या माणसाचं एक जुनं, साधं मराठी गाणं. ओळी आखूड, चाल जवळजवळ बोलल्यासारखी, आणि दोन ओळींच्या मधे पेटीचा तुकडा, म्हणजे घशाला उसंत. फुटत्या आवाजाच्या मुलाला लांबलचक सूर कधी देऊ नये, तो तिथेच पडतो, असं अण्णा म्हणाले. त्या ट्रॅकच्या सुरुवातीला लांब वाद्यवृंद होता. तो त्यांनी कापूनच टाकला. मला वाटलं, वेळ वाचवायला कापला असेल.

दरम्यान त्यांनी शार्दूलला एक काम दिलं. कार्यक्रमाला अर्धे लोक गल्लीतले कन्नड शेजारी असतात, त्यांच्यासाठी प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं कन्नडमध्ये सांगायची. भूमिका नावाची एक चुणचुणीत मुलगी मराठीत सांगणार होती आणि हा कन्नडमध्ये. शार्दूलनं मान हलवली. पण तालमीला मला यायला बंदी झाली. सुलभाअक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवून घेतलं आणि भरपूर खायला घातलं. मला मात्र मागावं लागलं नाही. बाहेरून शार्दूलचा कन्नड आवाज यायचा, मग दार लोटलं जायचं. दारापलीकडे काय चाललंय ते अक्का सांगत नव्हत्या आणि मीही, कधी नव्हे ते, विचारलं नाही. भीती वाटत होती.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता. निळा पडदा लागला होता, शिवण कुठे दिसत नव्हती. हर्षनं सायकलचं गाणं म्हटलं, त्याचा बाप सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होता. अश्लेषा गायली. प्रत्येक वेळी भूमिका मराठीत बोलायची आणि शार्दूल कन्नडमध्ये, सावकाश, त्या भरल्या आवाजात. मागच्या ओळीत बसलेल्या कन्नड आजी कौतुकानं माना डोलावत होत्या. जितेंद्रनं माझा हात धरला होता. पुढे काय होणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग भूमिका बाजूला जाऊन बसली आणि शार्दूल एकटाच माइकपाशी राहिला. त्यानं कन्नडमध्ये सांगितलं, की आता एक माणूस काम संपवून घरी चालला आहे, रस्ता लांब आहे, पण त्याला घाई नाही. शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच अण्णांनी ट्रॅक सुरू केला, आणि ट्रॅकला सुरुवात नव्हतीच. थेट पहिली ओळ. घाबरायला किंवा जुना आवाज आठवायला जागाच ठेवली नव्हती. ज्या सुरात तो कन्नड बोलत होता त्याच सुरात, त्याच श्वासात, माझा मुलगा मराठी गायला लागला.

मला नीट काही दिसत नव्हतं. डोळे पुसत होते, पुन्हा भरत होते. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फुटला. चांगला फुटला, सगळ्या हॉलला ऐकू गेला. मागून कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा. शार्दूलनं ती ओळ सोडून दिली. पेटीचा तुकडा वाजत होता तेवढा वेळ तो मांडीवर ठेका धरून उभा राहिला, स्वतःशीच थोडा हसला आणि पुढची ओळ त्यानं खालच्या सुरात बरोबर उचलली. गाणं शेवटपर्यंत म्हटलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. सगळ्यात जास्त टाळ्या भूमिकाला मिळाल्या आणि ते योग्यच होतं. अण्णा तोपर्यंत पुढच्या मुलीचा ट्रॅक लावण्यात गुंतले होते.

आठवड्यानं मी पेढे घेऊन अण्णांकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं आणि तिथे पोचल्यावर काहीच बोलता येईना. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही. शेवटी मी वाकून दोघांना नमस्कार केला. अण्णांना ते अजिबात आवडलं नाही. आवाज त्याचा, तो आपला आपण आला, मी फक्त वाटेतली गाणी बाजूला केली, असं पुटपुटत ते पेढ्याचा खोका घेऊन आत गेले. त्यांना काहीही म्हणू दे. कुणाला वाटलं असतं की हा मुलगा हट्टी आहे, कुणाला वाटलं असतं आजारी आहे, आणि मला तर काय काय वाटून गेलं होतं. या माणसानं नुसतं कान देऊन ऐकलं, आणि ऐकू येईपर्यंत थांबला. त्या थांबण्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

घर मात्र एकदम काही बोलायला लागलं नाही. गाणं झालं तरी घरात मान हलवणं चालूच होतं, फक्त मेसेज जरा कमी झाले. मी अधीर होते, पण या वेळी थांबायचं असं ठरवलं होतं.

मग डिसेंबरातल्या एका संध्याकाळी शार्दूल स्वयंपाकघरात आला. फुटबॉलच्या पोरांबरोबर त्याला दोन दिवस तुमकूरला सामन्याला जायचं होतं. मी पोळ्या लाटता लाटता नाही म्हटलं, सवयीनं. परीक्षा जवळ आहे म्हटलं. तो मान हलवून निघून जाईल असं वाटलं, पण तो गेला नाही. ओट्याला टेकून उभा राहिला आणि बोलायला लागला. मराठीत. परीक्षेला अजून अवकाश आहे, बाकी सगळ्यांचे आईवडील हो म्हणालेत, तू माझं कधीच पूर्ण ऐकून घेत नाहीस, पुण्यातल्या ट्रिपलाही असंच केलं होतंस. एकामागून एक मुद्दे, चांगले तयारीनं आणलेले, आणि आवाज तोच, चिकपेटचा. मधे दोनदा फुटला. तो थांबला नाही.

मी पिठाच्या हातानं मोबाईल उचलला, अण्णांना फोन लावला आणि एक अक्षर न बोलता तो ओट्यावर तसाच ठेवून दिला. शार्दूल भांडतच होता. पोळी तव्यावर करपली. बऱ्याच वेळानं मी फोन कानाला लावला. पलीकडे अण्णा होते, त्यांनी मधे ठेवला नव्हता.

"पांढरी एक," ते म्हणाले. "आणि अगदी मोकळी."

"ऐकलंत ना, अण्णा?" मी म्हटलं.

"कोणाशी बोलतेयस?" शार्दूल म्हणाला. "माझं अजून संपलेलं नाही."

मी फोन ठेवला, गॅस बंद केला आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले.

"बोल," मी म्हटलं.